पेटीचे दिवे बंद

पिन मी काढली नव्हती. हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं. आमच्या दवाखान्यात आजही कुणाला विचारलं की त्या वर्षी सगळे रिपोर्ट गेले कसे, तर निम्मे लोक सांगतात, "झाडूवाल्या मावशीनं पिन काढली." ती मावशी मी. चौथी शिकले आहे, लिहिता येतं, म्हणून लिहिते.

दवाखाना जळगावातला, ट्रस्टचा, मोठा. नाव लिहीत नाही. मी पिंप्राळ्याहून रोज सकाळी सहा वाजता शेअर रिक्षाने जायची, आताही जाते. दुसऱ्या मजल्यावर लॅबच्या मागे एक काचेची खोली आहे. तिथे मशीनं. पेशंटचे रिपोर्ट, रक्ताचे गट, कुणाला कोणतं औषध चालत नाही, सगळं त्या मशीनांत. खोली पुसायचं काम माझ्याकडे होतं, कारण बाकीच्या बायका चपला घालून आत जायच्या आणि मी जात नव्हते.

आधी तिथे एकच मशीन होतं. ते सारखं बंद पडायचं, खाली केसपेपरच्या खिडकीवर भांडणं व्हायची. मग नवी दोन आणली. ती बसवायला कंपनीने एक पोरगी पाठवली, धुळ्याची. चार दिवस ती त्या थंड खोलीत स्वेटर घालून बसली होती. पहिल्या दिवशी मी फडकं मारताना तिला विचारलं, "दोन कशाला गं?"

"जोडीनं चालतात, आजी. एक पडलं तर दुसरं लगेच काम उचलतं. लोकांना कळतसुद्धा नाही."

"आणि ही तिसरी पेटी?"

तिसरी पेटी लहान, काळी, पुढे चार हिरवे दिवे. ती या खोलीत ठेवायची नव्हती. तळमजल्यावर जुन्या केसपेपरांची खोली आहे, तिथे ठेवायची होती. पोरगी म्हणाली, "दोन मशीनं म्हणजे जुळ्या बहिणी. एकीनं चुकीचं लिहिलं की दुसरीही तेच लिहिते. एकीनं पुसलं की दुसरीही पुसते. म्हणून रोज पहाटे सगळ्याची एक नक्कल त्या पेटीत जाईल. पेटी लांब, वेगळ्या खोलीत. इथं आग लागली तरी ती वाचली पाहिजे."

मला हे नवं नव्हतं. माझं माहेर धुळ्याकडचं. माझी आई भरताच्या वांग्याचं बी धरायची. चांगलं वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, बी काढून राखेत घोळायचं, दोन पुरचुंड्या करायच्या. एक आमच्या घरी, एक गावाच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडे. मावशीची एक आमच्याकडे. आणि दर अमावास्येला आई मावशीकडे जाऊन पुरचुंडी सोडून बघायची. मावशी चिडायची, "मी काय तुझं बी खाऊन टाकेन का?" आई म्हणायची, "तू नाही खाणार, पण किड्याला सांगितलंय का?"

हे मी त्या पोरीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आजी, तुमच्या साहेबांना मी दोन तास समजावलं. ते म्हणतात दोन मशीनं घेतली, आता तिसरी कशाला. मग बघायचं काम तुम्हीच करा." तिने मला शंभर पानी वही दिली. रोज सकाळी तीन गोष्टी लिहायच्या. एसीचा आकडा किती. वरच्या दोन मशीनांचे दिवे कसे. खालच्या पेटीचे दिवे कसे. लाल दिसलं किंवा बंद दिसलं तर साहेबांना सांगायचं. आणि साहेबांनी दर शनिवारी वाचून सही करायची. साहेबांसमोर बोलली ती. ते हो म्हणाले. कॉम्प्युटर विभागाचे मोठे साहेब, चांगला पगार, दोन पोरी हाताखाली.

मी लिहायला लागले. वही वर काचेच्या खोलीत खिळ्याला सुतळीने टांगलेली. "एसी २१. वर हिरवे. पेटी हिरवी." रोज तेच. अक्षर वाकडं, पण एक दिवस चुकवला नाही. रजेवर असले तर दुसऱ्या बाईला सांगून जायची आणि आल्यावर तिला विचारून लिहायची. शनिवारी साहेब चहाचा कप हातात घेऊन यायचे, उभ्याउभ्या सही करायचे आणि जायचे.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा. शेतकरी पाभर पूजतो, शिंपी मशीन पूजतो, रिक्षावाले रिक्षा धुऊन हार घालतात. दवाखान्यात एक्स-रेच्या मशीनला, अँब्युलन्सला, सगळ्याला हळदीकुंकू. साहेबांना वाटलं आपल्याही मशीनांची पूजा थाटात व्हावी, ट्रस्टी मंडळी येणार होती. पण वरच्या काचेच्या खोलीत उदबत्ती लावायची नाही असं कंपनीने बजावलं होतं. मग साहेबांनी ठरवलं, पूजा खाली पेटीची करायची. पेटीपण आपलंच मशीन.

मी जुन्या केसपेपरांची खोली धुतली. झेंडूचे हार मीच आणले. साहेब नवा कुर्ता घालून आले. पेटीला टिळा लावला, वर हार, मागे लाल-पिवळ्या दिव्यांची माळ. माळेला पिन लावायला बोर्डावर जागा नव्हती.

वॉर्डबॉय म्हणाला, "साहेब, वायर आणू का लांबून?"

"कशाला? ही काळी काढून ही लावू. संध्याकाळी परत घालू." मी पुढे झाले तर म्हणाले, "तुम्ही नको मावशी, मी काढतो. आणि ऐका, या बोर्डाला तुम्ही हात लावायचा नाही. ओल्या हातांनी शॉक बसला तर आमच्या डोक्याला ताप."

साहेब खाली वाकले, कुर्ता सावरला, काळी पिन स्वतःच्या हाताने ओढून काढली. पेटीचे चार हिरवे दिवे विझले, मागची माळ लुकलुकायला लागली. वॉर्डबॉय म्हणाला, "साहेब, नारळ लांब फोडा, पाणी आत गेलं तर पेटीची दातखीळ बसेल." सगळे हसले. मीपण हसले. ट्रस्टी आले, फोटो निघाले, पेढे वाटले.

संध्याकाळी कुणी पिन घातली नाही. माळ छान दिसते म्हणून दिवाळीपर्यंत ठेवली. दिवाळीनंतर माळ काढली, आणि काळी पिन कपाटाच्या मागे तशीच लोंबकळत राहिली.

दसऱ्यानंतर कामावर आले त्याच दिवशी मी वहीत लिहिलं: "पेटीचे दिवे बंद. साहेबांना सांगितले." सांगितलं खरंच. साहेबांनी त्यांच्या कॉम्प्युटरचं तोंड माझ्याकडे फिरवलं.

"हे बघा मावशी. हिरवी खूण. नक्कल झाली, असं लिहून येतंय. रोज येतंय."

"पण खाली दिवे बंद आहेत."

"माळ निघाली की लावू. आणि खूण हिरवी आहे ना? मशीनला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

दोन्ही पोरी खी खी करून हसल्या. एक म्हणाली, "मावशी, इंजिनियर कधी झाल्या? पेढे?"

दिवाळीनंतर परत सांगितलं. साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही फरशी बघा."

तर मी फरशी बघितली. आणि वहीत लिहीत राहिले. "पेटीचे दिवे बंद." रोज. शनिवारी साहेब यायचे, सही करायचे. बरोबर त्या ओळींच्या खाली. दसरा गेला, दिवाळी गेली, देवदिवाळी गेली, संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले. पंधरा शनिवार. पंधरा सह्या.

संक्रांतीनंतर एका सकाळी वरचं पहिलं मशीन थांबलं. दुसऱ्याने काम उचललं, खिडकीवर कुणाला कळलं नाही. साहेब ट्रस्टींना फोनवर सांगत होते, "म्हणूनच मी दोन घ्यायला लावली." आठ दिवसांनी दुसरंही थांबलं. मग मात्र सगळ्यांना कळलं. लॅबपासून गेटपर्यंत रांग, पोरं रडताहेत, खिडकीवरची बाई रडते आहे.

आत काय झालं होतं ते मला नंतर त्या धुळ्याच्या पोरीने सांगितलं. समजायला अवघड नाही. समजा, तुम्ही कुणाला सांगितलं की रोजचा डबा शेजारच्या गल्लीत काकूकडे ठेवून ये. काकूच्या दाराला कुलूप. त्याने डबा आपल्याच ओसरीत ठेवला आणि येऊन सांगितलं, ठेवला. दुसऱ्या दिवशी परत. मशीनांनी तेच केलं. पेटी सापडेना, तर नक्कल स्वतःच्याच पोटात ठेवली आणि वर हिरवी खूण दाखवली. तीन महिन्यांत पोट भरलं आणि मशीन थांबलं. मग ते काम दुसऱ्याकडे गेलं; त्यातही जागा थोडीच उरली होती, आठ दिवसांत तेही भरलं.

तरीही काही बिघडलं नसतं. नकला होत्या, चुकीच्या जागी का होईना, होत्या. पण साहेबांनी बघितलं, मशीनमध्ये जागा नाही आणि हा एवढा ढीग पडलाय. म्हणाले, हे सगळं खाली पेटीत आहेच, इथलं पुसा. पहिलं मशीन थांबलं तेव्हा तिथलं पुसलं, दुसरं थांबलं तेव्हा तिथलंही पुसलं. आणि दुसरं मशीन असं अर्ध्यातच अडकून बंद पडलं होतं की त्यातले रिपोर्ट उघडेनात. जुळ्या बहिणीकडेही तेच मोडकं. मग साहेब खाली पेटीकडे पळाले. पेटीत शेवटची नक्कल खंडेनवमीच्या पहाटेची.

खंडेनवमीपासूनचं सगळं गेलं.

धुळ्याची पोरगी त्याच दुपारी बसने आली. तिने पेटी सरकवली, कपाटामागे हात घातला आणि ती काळी पिन सगळ्यांना दाखवली. "ही कुणी काढली?"

मी तिथे नव्हते. मी चौथ्या मजल्यावर होते. वॉर्डबॉय तिथे होता. साहेब म्हणाले, "सफाईवाल्या मावशी असतील. झाडू लागला असेल." वॉर्डबॉय गप्प राहिला. त्याला विचारलं मी नंतर, तर म्हणतो, "अक्का, मला दोन पोरं आहेत." मला काय दगड आहेत का?

दुसऱ्या दिवशी साफसफाईच्या ठेकेदाराने माझ्या हातात नोटीस दिली. "साफसफाई करताना निष्काळजीपणाने पिन काढल्यामुळे संस्थेचे अपरिमित नुकसान." अपरिमित शब्द मला अडला. रिक्षावाल्याला विचारला, त्यालाही येत नव्हता. खाली एक ओळ होती, "मला माझी चूक मान्य आहे", आणि सहीची जागा.

ठेकेदार म्हणाला, "अक्का, अंगठा लावून टाक. इथून काढतील, पण मी तुला दुसऱ्या दवाखान्यात लावतो. तुझं काहीच जात नाही."

"अंगठा तुझा बाप लावत असेल. मी सही करते. आणि यावर करणार नाही."

"मग घरी बस."

मी घरी बसले नाही. नोटीस पिशवीत घातली आणि गेटच्या आत बाकावर जाऊन बसले. काय करायचं ते सुचत नव्हतं. शेजारी शिरपूरकडची एक म्हातारी बसली होती, माझ्याच वयाची, जवळ सात महिन्यांची पोटुशी सून. सूनबाई पांढरीफटक. म्हातारी आपणहून बोलायला लागली.

"मन्ही सूनना बठ्ठा रिपोर्ट गयात व माय. सिकलना, रगतना, बठ्ठा. आते परत रगत देनं पडी म्हणतस. तिना अंगमा रगत शे कुठे?"

मी विचारलं, त्या रक्ताच्या आजाराच्या, सिकलच्या तपासणीचा कागद दिला नव्हता का. ती म्हणाली, कागद देत नाहीत आता, मोबाइलवर येतं, मोबाइल पोराकडे, पोरगा सुरतला मिलमध्ये. मग तिने आवाज खाली केला.

"एक झाडूवालीनी तार काढी टाकी म्हणतस. रांड आंधळी व्हती काय?"

तिला माहीत नव्हतं ती कुणाजवळ बोलते आहे. मला तिचा राग नाही आला. पण मी उठले. मला त्या क्षणी वही आठवली.

जिना चढताना मला एकच भीती होती की वही फेकली असेल. पण ती खिळ्याला तशीच होती. कुणाला ती वही वाटलीच नव्हती, झाडूसारखीच एक वस्तू. सुतळी तोडली आणि थेट मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. दवाखान्याच्या प्रमुख त्या. आत साहेब होते, धुळ्याची पोरगी होती, ठेकेदार माझ्या मागून धावत आला.

"मावशी, मीटिंग चालू आहे," साहेब म्हणाले.

मी वही टेबलावर ठेवली. राग आला की माझं शाळेचं बोलणं जातं. "मन्ही वही दखा. बठ्ठं लिखेल शे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला. पहिल्यांदा मनात वाचलं, मग मोठ्याने. "पेटीचे दिवे बंद. साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले खूण हिरवी आहे." पान उलटलं. "पेटीचे दिवे बंद." पान उलटलं. "पेटीचे दिवे बंद. साहेब म्हणाले फरशी बघा." त्यांनी मान वर केली. "ही सही तुमची?"

साहेब म्हणाले, "मॅडम, ती सही म्हणजे... हजेरीचं रजिस्टर समजून मी..."

"पिन कुणी काढली?" मी विचारलं. "खंडेनवमीला, माळ लावायला, कुर्ता सावरून. फोटो असतील ना ट्रस्टींबरोबर? बघा त्यात, पेटीचे दिवे आहेत का."

मग ती धुळ्याची पोरगी बोलली. "मॅडम, चूक माझीपण आहे. पेटी सापडली नाही तर नक्कल करू नको, थांब आणि ओरड, असं मी मशीनांना सांगून ठेवायला हवं होतं. नाही सांगितलं." त्या सगळ्या प्रकारात "माझी चूक" हे दोन शब्द तिच्याच तोंडून निघाले. तिच्या कंपनीने तिला काय बोललं असेल, मला माहीत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठीक आहे मावशी. तुम्ही उद्यापासून या. ही नोटीस फाडून टाकू."

"फाडायची नाही. तिच्यावर लिहा."

"काय लिहू?"

"पिन कुणी काढली ते."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग म्हणाल्या, "तसं लिहिता येत नाही. संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे." आणि नोटिशीच्या कोपऱ्यात लिहिलं, "नोटीस मागे घेण्यात येत आहे." सही, शिक्का. संस्थेला नाव असतं. माझं नाव त्या कागदावर तीन वेळा होतं, त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. साहेबांना कुणी नोटीस दिली नाही. ते अजून आहेत.

पोरगी चार दिवस राहिली. आता पेटी बंद झाली तर वर भोंगा वाजतो आणि डॉक्टरीणबाईंच्या मोबाइलवर निरोप जातो. दुसरी एक पेटी धुळ्याला, ट्रस्टच्याच दुसऱ्या दवाखान्यात ठेवली आहे. महिन्यातून एकदा पेटीतली नक्कल काढून, उघडून, वाचता येते का ते बघतात. आईची अमावास्या. आणि वही चालू आहे. पहिल्या शनिवारी साहेब आले, पेन काढलं.

"वाचा आधी," मी म्हणाले.

"वाचलं."

"मोठ्यानं वाचा."

त्या दोन पोरी बघत होत्या. साहेबांनी मोठ्याने वाचलं, सहा ओळी, कान लाल करून. मग मी वही त्यांच्यासमोर धरली. तेव्हापासून दर शनिवारी वाचतात. मला त्यात काही आनंद नाही. वाचून घेतल्याशिवाय सोडत नाही, एवढंच.

शिरपूरची म्हातारी पंधरा दिवसांनी परत आली. सुनेचं रक्त पुन्हा घेतलं होतं, रिपोर्ट घ्यायला आल्या होत्या. मी वही घेऊन खाली गेले, तिच्याजवळ बाकावर बसले आणि सांगितलं, ती झाडूवाली मी, आणि तार मी काढली नाही, साहेबांनी काढली.

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "साहेब लोके कुठे तार काढतस व?"

तिला वाचता येत नव्हतं. मग मी वाचून दाखवलं. तारखा, ओळी, सह्या, सगळं. आजूबाजूचे लोकही ऐकायला लागले. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती. वही संपल्यावर म्हणाली,

"इतलं लिखं तू, मंग ती पिन काबर नही लाई व माय?"

का नाही लावली? दोन पावलांवर होती ती पिन. रोज मी तिच्यासमोर उभी राहून दिवे बघत होते आणि वर जाऊन लिहीत होते. कपाटामागे हात घातला असता तर काम झालं असतं. हात लावू नका म्हणाले होते, आणि मला कामाची गरज होती.

"भ्याले," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली. तेवढ्यात सुनेचं नाव पुकारलं. ती सुनेचा दंड धरून उठली आणि खिडकीकडे गेली.